रिग्राइंड करून कोटिंग केलेल्या एंडमिल नव्याच्या निम्म्यापण चालत नाहीत, कोटिंग बदलू का?

व्हीएमसीवाला:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १० मिमीच्या चार फ्लूटच्या (चार दात आणि मधे चिप निघायच्या खाचा) सॉलिड कार्बाइड एंडमिल, म्हणजे फिरून धातू कापणारी टूलं, भरपूर लागतात. जॉब जास्त करून ईएन २४ (अलॉय स्टील), टेम्पर केलेलं, ३२ एचआरसीच्या (रॉकवेल हार्डनेस) आसपास, मधेमधे एसएस ३०४ (स्टेनलेस) आणि थोडं ६०६१ अल्युमिनियम. नवीन टूल मस्त चालतं, काही तक्रार नाही, पण बोथट झाल्यावर बाहेरून रिग्राइंड (परत धार लावणं) आणि परत कोटिंग करून आणलं की तेच टूल नव्याच्या निम्मंपण चालत नाही, कधी कधी तर पहिल्याच पॉकेटमधे कोपरा उडतो. शार्पनिंगवाला म्हणतो माझं ग्राइंडिंग बरोबर आहे, कोटिंगवाल्यानं माती केली, आणि कोटिंगवाला म्हणतो बाकी कोणाची बोंब नाही तुमचीच कशी.

आत्ता टीआयएएलएन (टायटॅनियम अल्युमिनियम नायट्राइड) करतो. कोटिंगवाला म्हणतोय एएलसीआरएन (अल्युमिनियम क्रोमियम नायट्राइड) करून बघा ते ११०० डिग्रीपर्यंत टिकतं. एक मित्र म्हणाला सीव्हीडी (गरम वायूंतून चढवलेलं कोटिंग) जाड असतं ते करा. आमच्या सुपरवायझरांचा सोनेरी कोटिंगवरच विश्वास. नक्की कोणतं घेऊ? आणि सगळ्या मटेरियलला चालेल असं एकच आहे का, कारण तीन प्रकारची टूलं ठेवली की नाइट शिफ्टला मिक्स होणारच.

पॅरामीटर: १८०० आरपीएम, फीड २९० मिमी/मिनिट, फ्लड कूलंट, ईआर कोलेट (टूल पकडणारी बाही).

नटबोल्ट:

एएलसीआरएन डोळे झाकून. आमच्याकडे गिअर हॉबला (गिअरचे दाते कापायचं टूल) तेच, विषय संपला.

कोटिंगवाली_ताई:

नटबोल्ट भाऊ, हॉबला ते चांगलंच आहे पण इथं विषय तो नाहीये. त्यांचं नवीन टूल टीआयएएलएनमधेच मस्त चालतंय ना, मग तेच कोटिंग रिग्राइंडवर का पडतंय ते आधी बघायला नको का. मी कोटिंग सेंटरला बॅच लोडिंग आणि इन्स्पेक्शन बघते, आमच्याकडे येणाऱ्या टूलमधे हा घोळ कायम असतो.

पीव्हीडी कोटिंग (तुमचं टीआयएएलएन त्यातलंच) म्हणजे व्हॅक्यूममधे ४५० ते ५०० डिग्रीला बसवलेला २ ते ४ मायक्रॉनचा थर. हा थर टूलवर दाबाखाली बसलेला असतो, म्हणजे त्याच्यात कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेस असतो, आणि सपाट जागेवर तो फायद्याचा कारण भेग पडली तरी उघडत नाही. पण धारेच्या टोकावर दोन बाजूंचे थर एकत्र येतात तिथं हाच स्ट्रेस थराला धारेवरून उचलून काढायला बघतो, आणि धार जितकी टोकदार आणि खडबडीत तितकं ते जास्त. आता डायमंड व्हीलनं नुकतीच ग्राइंड केलेली कार्बाइडची धार मोठी करून बघा, सरळ रेषा नसतेच, बारीक करवतीसारखे दाते असतात. त्या दात्यांवर कोटिंग केलं की पहिल्याच कटला दाता तुटतो, कोटिंग त्याच्यासोबत जातं आणि खाली नागडं कार्बाइड. म्हणजे गंजलेल्या खिडकीला पॉलिश पेपर न मारता रंग दिल्यासारखं झालं, रंगाचा डबा बदलून काय होणार.

नवीन टूल बनवणारे कोटिंगच्या आधी धारेला होनिंग करतात, कोणी ब्रशनं, कोणी ड्रॅग फिनिशिंगनं, कोणी वेट मायक्रोब्लास्टिंगनं. स्टीलसाठीच्या एंडमिलला ५ ते १० मायक्रॉनची गोलाई देतात, डोळ्याला काहीच दिसत नाही पण दाते जातात. आणि बरेच जण कोटिंगनंतर परत पॉलिश करतात, कारण आर्क पद्धतीच्या पीव्हीडीमधे टार्गेटचे (ज्या धातूच्या ठोकळ्यातून कोटिंग निघतं तो) वितळलेले थेंब उडून पृष्ठभागावर बसतात, फ्लूट खरखरीत होतो आणि चिप सरकताना अडते. तुमचा शार्पनिंगवाला होनिंग करतो का? माझा अंदाज, नाही.

दुसरं, जुनं कोटिंग काढलं होतं का? बाहेरून ग्राइंड केलं की फ्लँक (धारेमागची बाजू) नवीन होतो पण फ्लूटच्या आत जुना थर तसाच असतो, त्याच्यावर नवीन बसतो. एकदोनदा चालून जातं, मग थर जाड होत होत कोपऱ्यावर सोलायला लागतो. केमिकलनं स्ट्रिप करतात, पण तेही जपून, कारण जास्त वेळ बुडवलं की कार्बाइडमधला कोबाल्ट वरच्यावर विरघळून जातो. कोबाल्ट म्हणजे कार्बाइडच्या दाण्यांना धरून ठेवणारा बाइंडर, तो गेला की वरचा थर भुसभुशीत, मग त्याच्यावर कसलंही कोटिंग करा. तुम्ही एक न वापरलेलं रिग्राइंड टूल आणि एक कोरं नवीन टूल मायक्रोस्कोपखाली शेजारी ठेवा आणि काय दिसतं ते लिहा. मोबाइलला लावायची लेन्स नको, यूएसबी मायक्रोस्कोप निदान ५० पट तरी.

जुना_टर्नर:

ताई बरोबर बोलतेय. मी फक्त सीव्हीडीचं बोलतो कारण ते कोणी सांगितलंय त्याला धरून आणा. सीव्हीडी साधारण १००० डिग्रीला होतं, थर ५ पासून पार २० मायक्रॉनपर्यंत. टर्निंगच्या इन्सर्टला (बदलता येणारी छोटी कटिंग टीप) ते उत्तम. तिथं धार आधीच गोल केलेली असते, उष्णता सतत, आत अल्युमिनियम ऑक्साइडचा थर असतो तो क्रेटर (चिप घासून होणारा खड्डा) पडू देत नाही. पण १० मिमीच्या एंडमिलला एवढा जाड थर म्हणजे धारच गेली, शिवाय थंड होताना कोटिंग आणि कार्बाइड वेगवेगळं आकसतं त्यामुळे थरात ताण उलटा, ओढणारा, आणि बारीक भेगा. इंटरप्टेड कटला (दात सारखा आत-बाहेर होतो तो कट) ते नको. मीडियम टेंपरेचर सीव्हीडी असतं ८००-९०० चं, तेही इन्सर्टसाठीच जास्त. एंडमिलला पीव्हीडीच.

आणि सुपरवायझरसाहेबांना सांगा इन्सर्टवरचं सोनं बऱ्याचदा फक्त वरचा पातळ टीआयएन (टायटॅनियम नायट्राइड) असतो, कोणती धार वापरली ते लगेच कळावं म्हणून. काम खालचा थर करतो. रंग बघून कोटिंग घेणारे लोक मी आयुष्यभर बघितले.

व्हीएमसीवाला:

ताई, बघितलं. नवीन टूलची धार एकसारखी, गुळगुळीत रेषा. रिग्राइंडची तुम्ही म्हणता तशीच करवत, आणि एका टूलच्या कोपऱ्यावर तर कोटिंग आधीच उडालेलं, मशीनला लागलंसुद्धा नव्हतं! फ्लूटच्या आत दोन शेड दिसतात, म्हणजे जुनं काढलेलं नाही. शार्पनिंगवाल्याला होनिंगचं विचारलं तर तो म्हणाला "धार मारून पाठवायची आणि परत घासायची कशाला".

जाता जाता रनआउट (टूल फिरताना किती डगमगतं) पण चेक केला, एका कोलेटला टूलच्या टोकाशी डायल ०.०३ मिमी दाखवतो. बाकीचे ०.०१ च्या आत आहेत.

जुना_टर्नर:

मग तो कोलेट आधी फेकून द्या. हिशोब करा, १८०० आरपीएम, चार दात, २९० फीड म्हणजे एका दाताला ०.०४ मिमी. डायलवर ०.०३ म्हणजे टूल सेंटरपासून ०.०१५ सरकलेलं, म्हणजे दोन दातांना ५५ मायक्रॉनची चिप आणि दोघांना २५ ची. दुपटीपेक्षा जास्त फरक. मग तेच दोन दात मार खातात, एकाचा कोपरा उडतो, मागचा त्याचंही काम करायला जातो आणि तोही उडतो. चारही दात सारखे झिजलेत का दोनच, हे बघितल्याशिवाय कोणी कोटिंगला शिव्या देऊ नयेत.

आता स्पीड. १० मिमीला १८०० म्हणजे ५६ मीटर प्रति मिनिट. हे कमी आहे, कोटेड कार्बाइड ३२ एचआरसीच्या ईएन २४ ला १०० च्या पुढं आरामात जातं. टीआयएएलएनची मजा अशी आहे की धार तापली की त्याच्यातलं अल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर ऑक्साइडचं पातळ कवच बनवतं, ते उष्णता आत जाऊ देत नाही. तुम्ही ५६ ला फ्लड कूलंट मारून त्याला तापूच देत नाही, मग त्या अल्युमिनियमचे पैसे कशाला दिले. एवढ्या हळू चालवायचं असेल तर टीआयसीएन (टायटॅनियम कार्बोनायट्राइड) जास्त कडक आणि घासायला कमी, ते ४०० डिग्रीच्या वर टिकत नाही पण तुम्ही तिथं पोचतच नाही. आणि एएलसीआरएनचे ११०० डिग्री म्हणजे तर तुमच्यासाठी शोभेचे.

नवीन कोलेट लावून ३२०० आरपीएम, ५१२ फीड, दाताला तेवढेच ०.०४, कूलंट बंद करून नुसती हवा मारून बघा. कूलंट मिलिंगमधे दात बाहेर आला की गार, आत गेला की गरम, असं करत धारेला आडव्या कंगव्यासारख्या भेगा पाडतं. हवा मात्र जोरात पाहिजे, पॉकेटमधे चिप परत कापली गेली तर तेच कोपरा उडवेल.

टूलरूम_७७:

काका स्पीड वाढवला की लाइफ कमी होणार ना? आम्ही तर उलट स्पीड कमी करून लाइफ वाढवतो.

जुना_टर्नर:

होणारच. टेलरनं १९०७ ला जे सूत्र छापलं तेच अजून चालतं, स्पीड गुणिले आयुष्याचा एन वा घात बरोबर कॉन्स्टंट. कार्बाइडला एन ०.२५ च्या आसपास धरतात, म्हणजे स्पीड २० टक्के कमी केला की आयुष्य २.४ पट. म्हणूनच कोणी सांगितलं की आमच्या कोटिंगनं लाइफ डबल झाली तर आधी विचारायचं, स्पीड तोच ठेवला होता का? बऱ्याचदा ऑपरेटरनं ओव्हरराइड (मशीनवरचा स्पीडचा नॉब) खाली केलेला असतो आणि क्रेडिट कोटिंगला. पण पार खाली आणलं की सूत्रपण बिघडतं, मटेरियल धारेवर चिकटून बसतं आणि निघताना धारेचा तुकडा घेऊन जातं, एसएस ३०४ मधे तर हमखास. आणि शेवटी मशीनचा तास टूलपेक्षा महाग असतो हे कोणी मोजत नाही. टिकवायचंच म्हणून टिकवायचं असेल तर कपाटात ठेवा, कायम टिकेल.

टूलरूम_७७:

हा हा, पटलं. इथंच अजून एक विचारतो, आमच्याकडे एचएसएसचे (हाय स्पीड स्टील) टॅप (आटे पाडायचं टूल) आणि ड्रिल जास्त, त्यांना स्टीम ट्रीटमेंट, नायट्रायडिंग, क्रायो असलं सगळं ऐकतो. करावं का? क्रायोवाला म्हणतो कार्बाइडलापण करून देतो, तिप्पट लाइफ.

कोटिंगवाली_ताई:

ही तिन्ही वेगवेगळी कामं आहेत. स्टीम ट्रीटमेंटमधे ५०० डिग्रीच्या आसपास वाफेत ठेवून वर काळा आयर्न ऑक्साइड आणतात. तो कडक नसतो, त्याचा उपयोग एवढाच की तेल धरून ठेवतो आणि स्टीलला स्टील चिकटू देत नाही. काळे ड्रिल बघता ना, तेच. स्टीलला चांगलं, अल्युमिनियमला नको, उलट जास्त चिकटतं. नायट्रायडिंगमधे नायट्रोजन आत मुरतो, वेगळा थर नसतो त्यामुळे सोलायचा प्रश्न नाही, पृष्ठभाग चांगलाच कडक होतो, कास्ट आयर्नच्या टॅपला मस्त. पण बारीक पिचच्या नाजूक दातांना जास्त मुरवलं की ठिसूळ होऊन तुटतात.

क्रायो म्हणजे लिक्विड नायट्रोजनच्या आसपास, उणे १८५ वगैरे. एचएसएसमधे हार्डनिंगनंतर जो ऑस्टेनाइट (स्टीलची मऊ रचना) शिल्लक राहतो तो मार्टेन्साइट (कडक रचना) होतो, स्टीलच्या आत कार्बाइडचे बारीक कण सुटतात, म्हणजे त्याला कारण आहे. पण तुमचं टूल आधीच नीट दोनतीनदा टेम्पर केलेलं असेल तर ऑस्टेनाइट उरलेलाच कमी, फरक पण कमी. आणि कार्बाइडमधे ऑस्टेनाइट-मार्टेन्साइट भानगडच नाही, तिथं तिप्पट म्हणणाऱ्याला सांगा एकाच बॅचची अर्धी टूलं कर, अर्धी सोड आणि कोणती कुठली ते ऑपरेटरला सांगू नको.

एचएसएसवर टीआयएन किंवा टीआयसीएन मात्र बिनधास्त करा. एचएसएसचं टेम्परिंग ५४०-५६० डिग्रीला झालेलं असतं, पीव्हीडी त्याच्या खाली होतं, म्हणून कोअरची हार्डनेस जात नाही. साधा टीआयएन साधारण २३०० व्हिकर्स (कडकपणाचं माप), खालचं एचएसएस ८५० च्या आसपास, ३०४ च्या टॅपला फरक लगेच दिसतो. काळं स्टीम केलेलं टूल मात्र तसंच कोटिंगला पाठवू नका, ऑक्साइडवर कोटिंग धरत नाही, आधी काढावं लागतं. डी २ चे (एक टूल स्टील) फॉर्म टूल २०० डिग्रीला टेम्पर केलेले असतील तर तेही सांगा, नाहीतर चेंबरमधून मऊ होऊन बाहेर येतील. आणि ब्रेझ केलेल्या (डाख देऊन जोडलेल्या) कार्बाइडच्या टूलमधे ब्रेझिंग अलॉयला कॅडमियम असेल तर व्हॅक्यूममधे ते उडून आमचा अख्खा चेंबर आणि शेजारच्या लोकांची टूलं घाण करतं. न सांगता पाठवणारे आहेत, काय बोलायचं.

व्हीएमसीवाला:

ताई माझ्या अल्युमिनियमचं राहिलं. एकच कोटिंग सगळ्याला, नाहीच का?

कोटिंगवाली_ताई:

नाही हो. टीआयएएलएनमधे अल्युमिनियम आहे आणि जॉबही अल्युमिनियम, ते एकमेकांना धरून बसतात, फ्लूट भरतो आणि टूल तुटतं. ६०६१ ला अनकोटेड, पॉलिश फ्लूटचं, टोकदार धारेचं दोन किंवा तीन फ्लूट टूल डीएलसीवाल्या (हिऱ्यासारखा कार्बनचा थर) चुकीच्या टूलपेक्षा भारी चालतं. कोटिंग करायचंच तर डीएलसी किंवा झिर्कोनियम नायट्राइड. डीएलसी फार गुळगुळीत पण ३००-३५० डिग्रीनंतर त्याचं ग्रॅफाइट व्हायला लागतं, म्हणून ते स्टीलला लावायचं नाही. डायमंड कोटिंगचंही तेच, ग्रॅफाइटला आणि जास्त सिलिकॉनच्या अल्युमिनियमला राजा, पण गरम लोखंड त्यातला कार्बन खाऊन टाकतं.

मिक्स व्हायची भीती असेल तर एक सोपं आहे, स्टील आणि एसएस दोन्ही काळ्या टीआयएएलएनवर चालवा आणि अल्युमिनियमला अनकोटेड ठेवा. काळं आणि चांदीसारखं, रात्री झोपेतपण ओळखू येतं.

नटबोल्ट:

मी एएलसीआरएन म्हणालो होतो ते मागे घेत नाही पण 😄

व्हीएमसीवाला:

अपडेट. दुसऱ्या शार्पनिंगवाल्याकडे काही टूलं दिली, त्याच्याकडे ब्रश होनिंग आहे, कोटिंगवाल्याला आधी स्ट्रिप करायला लावलं, कोटिंग टीआयएएलएनच ठेवलं. कोलेट बदलला. आरपीएम एकदम ३२०० नाही केला, २६०० ला ४१५ फीड आणि हवा. कोपरा उडायचं थांबलं, आता फ्लँकवर सरळ एकसारखा पट्टा येतो चारही दातांना. मग त्याच सेटअपला जुन्या पद्धतीनं केलेलं, होनिंग नसलेलं एक टूल लावलं, त्याची धार लगेच चिपिंग झाली, म्हणजे नुसता कोलेट आणि स्पीडचा फरक नाहीये. पण नव्याइतकं अजून पण नाही चालत. टूल घासून १० चं ९.६ मिमीला आलंय, ते कारण असेल का?

जुना_टर्नर:

सरळ पट्टा आला म्हणजे आता टूल झिजतंय, तुटत नाहीये. पट्ट्याची रुंदी मोजा, ०.३ मिमी झाली की काढा, त्याच्या पुढं ओढलं तर रिग्राइंडला जास्त मटेरियल काढावं लागतं आणि मग तुमचं ९.६ चं ९.२ होतं. त्या ओढाओढीतच अर्धी टूलं मरतात.

कोटिंगवाली_ताई:

हो, ९.६ चा फरक पडतोच. बाहेरून घासलं की फ्लूटची खोली कमी होते पण आतला कोअर तेवढाच राहतो, चिपला जागा कमी. रिलीफ अँगल (धारेमागचा उतार) शार्पनिंगवाल्यानं नीट ठेवला असेल तरी हे राहणार, फ्लूटपण ग्राइंड करून घेतला तर सुधारतं. नव्याइतकं धरू नका, रफिंगला वापरा आणि फिनिशिंगला नवीन.

आणि कोटिंगवाल्याला दर बॅचला एक टेस्ट पीस मागा, टूलसोबत त्याच चेंबरमधे गेलेला. त्याच्यावर रॉकवेलचा डायमंड दाबतात आणि खड्ड्याभोवती बघतात, नुसत्या बारीक भेगा असल्या तर पकड चांगली, कोटिंगचे पापुद्रे निघाले तर बॅच खराब. एचएफ १ ते एचएफ ६ असा ग्रेड असतो, ४ पर्यंत घ्या, ५-६ आला तर परत पाठवा. जाडीपण बॉल फिरवून खळगा पाडून मोजतात, रिपोर्टमधे लिहून देतात. मागितलं की देतात, लोक मागतच नाहीत.

टूलरूम_७७:

ताई शेवटचं, ड्रिलला पॉइंट मारल्यावर कोटिंग परत करावंच लागतं का?

कोटिंगवाली_ताई:

पॉइंटवरचं जातं पण फ्लूटमधलं आणि मार्जिनवरचं (ड्रिलच्या बाहेरच्या कडेची पट्टी) राहतं, चिप फ्लूटवरूनच घसरते, म्हणून एचएसएस ड्रिल पॉइंट मारून तसंच बऱ्यापैकी चालतं. कार्बाइड ड्रिल जास्त स्पीडला असेल तर करून घ्या, आणि पॉइंट मारताना मार्जिनचा झिजलेला भाग पूर्ण कापून काढायला सांगा, तेवढी लांबी गेली तरी चालेल. पाठवताना सिलिकॉनवालं गंजरोधक तेल लावू नका, आमच्या अल्ट्रासॉनिक धुण्यात ते निघत नाही. साधं तेल लावा.